वाचणारा आधी शोधा, ब्लॉग मग लिहा

पत्र :

नमस्कार. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये सहावी ते नववीला मराठी शिकवते. आमची बहुतेक मुले गावातल्या मराठी प्राथमिक शाळांतून येतात. पाचवीपासून बाकीचे विषय इंग्रजीतून सुरू होतात आणि मराठीची दिवसातून एक तासिका उरते. गेल्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला शाळेचा मराठी ब्लॉग सुरू करायला सांगितले. मी केला. स्नेहसंमेलनाचे फोटो, स्पर्धांचे निकाल, निवडक निबंध टाकत गेले. मुले एकदा बघतात, पुन्हा फिरकत नाहीत. "टीचर, हाचे मार्क मेळटले?" असे विचारतात. निबंध मागितले तर बरेचसे मोबाइलवरून उतरवलेले येतात. जी मुले स्वतः लिहितात त्यांच्या लिखाणात कोकणी इतकी मिसळलेली असते की ते चारचौघांपुढे कसे ठेवावे कळत नाही, आणि दुरुस्त करायला बसले तर मुलाचे काही उरतच नाही. त्यातच एका आईने मुलीचा फोटो ब्लॉगवर का टाकला म्हणून शाळेत येऊन जाब विचारला. सहकारी म्हणतात, आणखी एक फाइल वाढवून घेतलीस. या ब्लॉगमधून मुले खरेच काही शिकतात का? की बंद करून टाकू?

– एक मराठी शिक्षिका, सत्तरी

उत्तर :

टीचर, ब्लॉग बंद करू नका. पण आता तो ज्या रीतीने चालला आहे, त्या रीतीने चालवण्यात तुमच्या संध्याकाळीही घालवू नका.

मुले एकदा बघतात आणि पुन्हा फिरकत नाहीत, हे तुमच्या पत्रातले वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. त्यांनी फिरकावे तरी का? स्नेहसंमेलन त्यांनी स्वतः पाहिलेले असते. निकाल त्यांना ठाऊक असतात. निवडक निबंध दरवेळी त्याच चार-पाच मुलांचे असतात. त्या पानावर त्यांना करण्यासारखे काही नाही आणि त्यांची वाट बघणारेही कोणी नाही. शाळेची माहिती पालकांना मिळावी म्हणून असे पान असू द्यावे, ते ऑफिसातून कोणीही सांभाळू शकेल. शिकण्यासाठी ब्लॉग वापरायचा तर त्याची घडणच वेगळी लागते.

वर्गात मूल निबंध लिहिते तेव्हा त्याला वाचणारे माणूस एकच असते, ते म्हणजे तुम्ही. आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, कशी असते हे टीचरना माहीत आहे, हे मुलाला पक्के माहीत असते. मग सांगायचे कशाला? म्हणून ते लिहून मोकळे होते, "चवथ हा माझा आवडता सण आहे. हा सण सर्वत्र मोठ्या उत्साहाने साजरा केला जातो." या दोन वाक्यांत चूक काही नाही, पण त्या मुलाचेही त्यात काही नाही. आता त्याच मुलाला सांगा की ज्याने गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी जन्मात पाहिलेली नाही अशा एका मुलाला चवथ समजावून द्यायची आहे, तो वाचणार आहे आणि कळले नाही तर विचारणार आहे. लिखाण त्याच दिवशी बदलायला लागते. शाळेतल्या ब्लॉगची सगळी ताकद मला इथे दिसते. उत्तर देणारा खरा वाचक तो मुलाला मिळवून देऊ शकतो. असा वाचक मिळणार नसेल तर वही पुरेशी आहे, ब्लॉगची गरज नाही.

ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे खेड्यातले शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली होती, त्यामुळे वर्गात तासन्‌तास बोलणे त्यांना झेपत नसे. १९२० च्या दशकात त्यांनी वर्गात एक छोटा छापखाना आणला. मुले गावात हिंडून यायची, जे पाहिले ते लिहायची, कोणाचा मजकूर छापायचा हे आपसांत ठरवायची आणि खिळे जुळवून स्वतः छापायची. ती पाने पोस्टाने दूर फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेत जायची आणि तिकडची पाने इकडे यायची. डोंगरातल्या गावची मुले समुद्रकाठच्या मुलांना आपले गाव सांगत होती. आपल्या शाळांतली हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके याच जातीची. किती जिव्हाळ्याने ती काढली जायची, कितीतरी जणांना पहिला लिहिता हात त्यांनीच दिला. उणीव एवढीच होती की हस्तलिखित शाळेच्या कपाटात राहायचे आणि त्याला उत्तर यायचे नाही. ब्लॉग ही उणीव भरून काढू शकतो, आणि त्याला पोस्टाचा खर्चही लागत नाही.

म्हणून पहिले काम लिहिण्याचे नाही, वाचणारा वर्ग शोधण्याचे आहे. दुसऱ्या शाळेतल्या एकाच शिक्षकाशी बोला. बी.एड.ला तुमच्याबरोबर असलेली मैत्रीण, एखाद्या प्रशिक्षणात भेटलेले सर, कोणीही चालेल, फक्त त्यांच्या वर्गात मराठी वाचणारी साधारण त्याच वयाची मुले हवीत. काणकोणची शाळा मिळाली तरी चांगले. एकाच राज्यात असून सत्तरीतल्या मुलांनी समुद्राकाठी रांपणीचे मोठे जाळे ओढणारे रांपणकार पाहिलेले नसतात आणि काणकोणच्या मुलांना म्हादईच्या पात्राची कल्पना नसते. चोर्ला घाट चढून गेले की बेळगावच्या मराठी शाळा आहेत. पण जमले तर मी मराठवाड्यातला किंवा विदर्भातला वर्ग शोधीन. तिथल्या मुलाला कुळागर म्हणजे काय, सुपारी-नारळाची बाग कशी असते, हे खरोखर ठाऊक नसते आणि तुमच्या मुलांना कापसाची वेचणी ठाऊक नसते. दोघांकडेही सांगण्यासारखे असते, दोघांनाही विचारण्यासारखे असते.

इंग्लंडमधल्या एका शिक्षकाने २०११ च्या सुमारास याची एक सोपी रीत बसवली, क्वाडब्लॉगिंग नावाने ती पसरली. चार शाळांचा गट करायचा. दर आठवड्याला एका शाळेची पाळी. त्या आठवड्यात उरलेल्या तिघींनी तिचे लिखाण वाचायचे आणि प्रतिक्रिया लिहायच्या. पुढच्या आठवड्यात दुसरीची पाळी. यात प्रत्येक मुलाला माहीत असते की आपली पाळी कधी आहे आणि त्या आठवड्यात कोण वाचणार आहे. तुम्ही चार शाळांच्या मागे लागू नका. दोन वर्ग पुरेत, एक आठवडा त्यांचा, एक तुमचा.

आता ती माटोळीची गोष्ट पुढे नेते. समजा, तुमच्या सातवीतल्या मुलाने पहिल्या खेपेला ती 'उत्साहाने साजरा केला जातो'वाली दोन वाक्येच पाठवली. आधी त्याला अडवू नका, जाऊ द्या. पलीकडून कोणीतरी विचारेल, "माटोळी म्हणजे काय? तिला फळे बांधतात तर ती खाली पडत नाहीत का?" आता त्याला उत्तर द्यावेच लागेल. मग तो लिहील की गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगलेली असते, बाबा आणि काका आदल्या दिवशी केवणीच्या सालीने एकेक फळ बांधतात, मध्ये नारळाची पेंड आणि सुपारीचे कात्रे असतात, चिबूड जड असतो म्हणून त्याला दुहेरी गाठ मारतात, कांगणी आणायला आम्ही रानात जातो आणि या वर्षी ती पूर्वीच्या जागी मिळाली नाही. हे शेवटचे वाक्य आले की लगेच पुढचा धागा मिळतो: का मिळाली नाही? आजीला विचार. तिच्या लहानपणी माटोळीला काय काय बांधायचे, आता त्यातले काय दिसत नाही? कला व संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, त्यात कितीतरी रानफळे ओळीने मांडलेली दिसतात, त्यांची नावे शोधून काढ. एका प्रश्नातून भाषा, परिसर आणि घरातली म्हातारी माणसे एकाच वहीत येऊन बसतात. तुम्हाला वेगळी प्रस्तावना करावी लागत नाही, कारण प्रश्न मुलाला विचारलेला असतो.

प्रतिक्रिया लिहायला शिकवणे हा यातला अर्धा अभ्यास आहे आणि बहुतेक शाळांत तोच राहून जातो. मुलांना मोकळे सोडले की ती 'छान', 'मस्त', 'सुपर' लिहितात किंवा अंगठा टाकतात. तो त्यांचा दोष नाही, कोणी शिकवलेलेच नसते. एक पूर्ण तासिका फक्त यावर घाला. पलीकडच्या वर्गातला एक लेख फळ्यावर लिहा किंवा मोठ्याने वाचा आणि मुलांना विचारा: यातली कोणती गोष्ट तुम्हाला आज पहिल्यांदा कळली? कुठे वाचताना अडखळलात? लिहिणारा समोर बसला असता तर त्याला काय विचारले असते? यातून जे निघेल ते दोन-तीन वाक्यांत लिहायचे, एवढाच नियम. "तू लिहिलेस की हुरडा भाजताना कणसे राखेत फिरवतात. किती वेळ? करपतात का?" ही प्रतिक्रिया लिहिणाऱ्या मुलाने लेख खरोखर वाचला आहे, हे तुम्हाला वेगळी प्रश्नपत्रिका न काढता कळते. आकलनाची यापेक्षा चांगली चाचणी माझ्या पाहण्यात नाही. आणि ज्या मुलांना लिहायला धीर होत नाही, ती इथून सुरुवात करतात. आधी दुसऱ्याला प्रश्न विचारायचे, मग आपल्याला आलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, मग कधीतरी स्वतःचे.

नक्कल करण्याबद्दल तुम्ही वैतागून लिहिले आहे. पूर्वी निबंधाच्या मार्गदर्शकातून उतरवायचे, आता मोबाइलवर विषय टाकला की तयार मजकूर मिळतो. पकडापकडी करून हे थांबणार नाही. 'पावसाळा', 'माझी आई', 'वृक्ष आपले मित्र' हे विषयच असे आहेत की त्यांवर कोणीही, कुठेही बसून लिहू शकते, मग यंत्राने का लिहू नये? विषय असा द्या की ज्याचे उत्तर त्या मुलाच्या घराजवळच असेल.

पावसाचेच घ्या. तुमच्या तालुक्यातल्या वाळपईचा पाऊस राज्यात सगळ्यात जास्त पडणाऱ्यांपैकी. मुलांनी सरळ बाजूंची, सपाट बुडाची बरणी अंगणात उघड्यावर ठेवायची, झाड आणि पागोळी टाळून. बरणी सरळ असेल तर तोंड रुंद असो की अरुंद, साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पावसाचा आकडा. असे का, हे गणिताच्या सरांना वर्गात सिद्ध करून दाखवायला सांगा. आठवीच्या मुलांना घनफळ तिथे एकदम कळून जाते. हवामान खाते सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजते. आपल्या शाळा त्याआधीच भरतात, तेव्हा मुलांनी घरातून निघताना रोज ठरलेल्या वेळी मोजावे. घाटाच्या पायथ्याच्या वाड्यावरचा आकडा आणि वाळपईतला आकडा किती वेगळा येतो ते आठवड्याच्या आठवड्याला मांडले, की पलीकडच्या दुष्काळी भागातली मुले जे प्रश्न विचारतील ते तुम्हालाही विचार करायला लावतील. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात काही वाड्यांवर टँकर का लागतो, हा प्रश्न बाहेरच्या मुलाने विचारला की त्याची धार वेगळीच असते.

किंवा अंजुणे धरण घ्या. त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतून उठून आलेली कुटुंबे तुमच्या भागात आहेत. कोणाची आजी सांगू शकेल की घर सोडताना बरोबर काय घेतले, देव कुठे नेला, नव्या जागी पहिली बाग कधी लागली. १९६१ च्या गोवामुक्तीच्या वेळी जाणती असलेली माणसे आता सत्तर वर्षांच्या पुढे आहेत, त्यांच्याशी बोलायचे तर आताच बोलावे लागेल. काजूच्या दिवसांत बोंडू गोळा करण्यापासून भट्टीपर्यंतचे काम, खाणी बंद पडल्यावर घरातला ट्रक विकावा लागला त्याची हकिकत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आईने मिरच्या विकल्या तो दिवस. अशा लेखाला मी एकच अट घालीन. हे कोणाला विचारले आणि अजून काय कळले नाही, एवढे लेखात आलेच पाहिजे. यंत्राला हे दोन्ही खरेपणाने लिहिता येत नाही, आणि मुलाने खोटे लिहिले तर शेजारच्या बाकावरचा मुलगा लगेच सांगतो.

कोकणीच्या मिसळीबद्दल तुमची अडचण खरी आहे. घरात कोकणी, चौथीपर्यंत मराठी, पुढे इंग्रजी, अशा वाटेने आलेले मूल 'सांगितले'च्या जागी 'सांगले' आणि 'मिळाले'च्या जागी 'मेळ्ळे' लिहिणारच. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन मुळीच चालवू नका. त्या खेपेला फक्त मजकुराबद्दल विचारा: कोण होते, मग काय झाले, हे नीट दिसत नाही मला. दुसऱ्या खेपेला दोघांनी जोडीने बसून एकमेकांचे मोठ्याने वाचायचे. कानाला खटकेल तिथे मुले स्वतः थांबतात. भाषेची दुरुस्ती तिसऱ्या खेपेला आणि एका वेळी एकाच गोष्टीची. या आठवड्यात भूतकाळाची रूपे, पुढच्या वेळी लिंग, त्याच्या पुढे ऱ्हस्व-दीर्घ. अमेरिकेत २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरचे प्रयोग एकत्र तपासून अहवाल काढला होता. लिहिण्याच्या पायऱ्या उघड करून शिकवणे आणि मुलांनी एकमेकांच्या मदतीने लिहिणे यांचा त्यात भरघोस फायदा दिसला. लिखाणापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाने लेखन सुधारल्याचे मात्र दिसले नाही, उलट थोडा तोटाच दिसला. भाषा आपली वेगळी असली तरी वर्गात बसून पाहिले तर हे पटते.

वस्तूंची आणि जागांची नावे मात्र बदलू नका. कुळागर, विहिरीला बांय, पाववाल्याला पोदेर, बायकांच्या नाचगाण्याला धालो, माटोळी हे सगळे तसेच राहू दे, मुलाने कंसात न अडकवता पुढच्या वाक्यात समजावून सांगावे. आजी जे बोलली ते तिच्याच कोकणीत अवतरणात द्यावे. मूल मराठीत लिहायला शिकत आहे, त्यासाठी आजीने मराठी बोलायचे कारण नाही. आणि प्रसिद्ध करताना एखादी चूक राहिली तर राहू द्या. शाळेची अब्रू त्यात जात नाही. सगळे तुमच्या हातून गुळगुळीत होऊन गेले तर मूल त्याला आपले म्हणणार नाही.

टंकलेखनाची एक व्यवहारी सूचना. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर ब्लॉगवर चिन्हांचा कचरा होऊन दिसतो, सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहायची सवय लावा. फोनवर बोलून लिहिण्याची सोय मोहात पाडते, पण तुमच्या मुलांच्या उच्चारांना ती भलतेच शब्द सुचवते. आधी कागदावर लिहिलेलेच टाइप करणे बरे.

आता त्या आईकडे येते. तिचे म्हणणे बरोबर आहे आणि शाळेने ते मान खाली घालून ऐकायला हवे. फोटो त्याच दिवशी काढून टाका, तिला घरी फोन करून तसे सांगा आणि विचारल्याबद्दल तिचे आभार माना. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल धरले आहे आणि मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती त्यात सांगितली आहे. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. मुलीचा चेहरा, नाव, शाळा आणि गाव एकाच पानावर उघडे ठेवायचे कारण शिकवण्यात कुठेही लागत नाही. लेखाखाली फक्त पहिले नाव किंवा मुलाने स्वतः निवडलेले टोपणनाव पुरे. चेहऱ्यांऐवजी हात, चित्रे, वस्तू, वहीचे पान यांचे फोटो घ्या. गणवेशावरचा बिल्ला दिसू देऊ नका. कोण कुठल्या बसने कधी जातो असल्या गोष्टी लेखात आल्या तर काढा. फोनच्या कॅमेऱ्यातले लोकेशन बंद ठेवा, नाहीतर फोटोबरोबर घराचा ठावठिकाणाही जाऊ शकतो. अकाउंट तुमच्या किंवा शाळेच्या नावावर असावे, मुलांची अकाउंट उघडू नका. प्रतिक्रिया तुम्ही वाचून मंजूर केल्यावरच दिसतील अशी सोय असते, ती पहिल्या दिवशी सुरू करा. ब्लॉग फक्त निमंत्रितांनाच दिसेल असाही ठेवता येतो. दोन वर्गांच्या पत्रव्यवहाराला मी पहिले वर्ष तसाच ठेवीन. जगभर दिसण्याची घाई कोणाला आहे? मुलाला एक वाचक हवा आहे, तो मिळालेला आहे.

संमतीचा कागद मराठीत आणि साध्या भाषेत काढा. लिखाण, आवाज आणि फोटो यांसाठी वेगवेगळ्या सह्या घ्या आणि कधीही 'काढा' म्हटले की काढू, हे त्यावर लिहा. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत कागद वाटण्याआधी एखाद्या मुलाचा लेख वाचून दाखवा. बरेच पालक सही करायला नाही म्हणतात ते आपण कशावर सही करतोय हे कळत नाही म्हणून.

मुख्याध्यापकांशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. मुले खरे लिहायला लागली की कधीतरी मोठ्यांना अडचणीचे लिहितात. २०१२ मध्ये स्कॉटलंडमध्ये मार्था पेन नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने वडिलांच्या मदतीने लेखनाचा उपक्रम म्हणून ब्लॉग सुरू केला. शाळेत रोज मिळणाऱ्या जेवणाचा फोटो काढायचा, त्याला गुण द्यायचे, किती घास झाले ते लिहायचे. जगभरातून वाचक आले. तिथल्या स्थानिक प्रशासनाने शाळेत फोटो काढायला बंदी केली, आणि इतका गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी उठवावी लागली. वाचकांनी मलावीतल्या मुलांच्या शालेय जेवणासाठी एक लाख पौंडांहून जास्त देणगी दिली. उद्या तुमच्या सहावीतल्या मुलाने माध्यान्ह आहारातल्या पाव-भाजीबद्दल लिहिले तर? तेव्हा गडबडून लेख दाबण्यापेक्षा आता ठरवावे: तक्रार असेल तर ती आधी संबंधितांना दाखवायची, त्यांचे म्हणणे मुलानेच जाऊन विचारायचे आणि दोन्ही बाजू लिहायच्या. स्वयंसाहाय्य गटातल्या बायका किती वाजता उठून ती भाजी करतात हे त्या मुलाला तेव्हा कळेल, आणि त्याचा लेख अधिक चांगला होईल.

"आणखी एक फाइल" म्हणणाऱ्या सहकाऱ्यांचे मला वाईट वाटत नाही, शिक्षकांवर तेवढे लादलेले असते. म्हणून काम लहान ठेवा. चारही इयत्ता एकदम घेऊ नका, सातवी घ्या. वर्गात बत्तीस मुले असतील तर चार-चारांचे आठ गट होतात. तुमच्या पाळीच्या आठवड्यात दोनच गटांचे लेख जाऊ द्या, बाकीची मुले त्या वेळी वाचून प्रश्न लिहितात. एका तासिकेत खर्डा, एका तासिकेत जोडीने वाचन, एक तासिका लॅबमध्ये. सरकारच्या कोडिंग-रोबोटिक्सच्या केअर्स योजनेत संगणक शिकवणारे शिक्षक तुमच्या शाळेत असतील तर त्यांना आधी विचारा, मजकूर कसा मांडायचा हे ते मुलांना दाखवतील. घरून टाइप करून आणा असे मात्र कधीही सांगू नका. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्यातल्या मुलांनी रेंजसाठी डोंगर चढून वर्ग केले. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बाबांबरोबर कामाला जातो, त्या घरातल्या मुलाला यात मागे पाडू नका. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही जातील, त्या आठवड्यात खर्डेच जास्त होऊ द्या. आणि प्रसिद्ध झालेला प्रत्येक लेख कागदावर छापून त्या मुलाच्या हातात द्या. घरी ज्यांना ब्लॉग उघडता येत नाही, त्यांच्यासाठी मूल तो वाचून दाखवेल.

मार्कांचे. लेखाला मार्क देऊ नका, प्रतिक्रियेला तर नाहीच. मुलांनी विचारले तर सरळ सांगा की याला मार्क नाहीत, पण तिकडे कोणीतरी वाचणार आहे. सत्राच्या शेवटी मुलाने स्वतः आपले दोन लेख निवडावेत, पहिला खर्डा आणि शेवटचे रूप शेजारी शेजारी लावावे आणि काय बदलले ते चार ओळींत लिहावे. अंतर्गत मूल्यमापनाला हे वापरता येईल, आणि मुख्याध्यापकांना तपासणीच्या वेळी दाखवायला याहून चांगला कागद मिळणार नाही.

जुन्या ब्लॉगवरचे फोटो काढून टाका, ते पान ऑफिसकडे सोपवा आणि सातवीसाठी नवे पान उघडा. पलीकडच्या शिक्षकांशी पहिल्या फोनवरच तीन गोष्टी ठरवून घ्या: कोणाचा आठवडा कोणता, कोणत्या वारापर्यंत प्रतिक्रिया पोहोचल्या पाहिजेत आणि परीक्षेच्या महिन्यात थांबायचे की नाही. त्यातला प्रतिक्रियांचा वार सगळ्यात काटेकोर पाळा. दोनदा उत्तर आले नाही तर तिसऱ्या खेपेला मुले लिहीत नाहीत. त्यांना जमले नाही असे दिसले, तर तुमच्याच शाळेतल्या नववीच्या मुलांना त्या आठवड्यापुरते वाचक करा, पण लेख उत्तराविना ठेवू नका.